ताईचे मासे

३ मार्च

आज ताईचा पांढरा कोट घालून कामाला गेले. बाह्या लांब होतात, दुमडून घेतल्या. आई म्हणाली आण इकडे, आत्ता मशीनवर आखूड करून देते. मी नको म्हटलं. ताई परत आली तर तिला होणार नाही, असं मनात आलं आणि मग माझाच मला राग आला.

ताईच्या सरांनी आईला निरोप पाठवला होता, धाकटी घरात बसून कुढते त्यापेक्षा माझ्याकडे येऊ दे, माशांना खायला घालेल, टाक्या धुईल, पगार मिळेल. आई दोन दिवस हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. मग म्हणाली, जा. तिच्या जागेवर दुसरं कुणी बसण्यापेक्षा तू बस.

जागेवर म्हणजे काय, ताई तिथे सरांच्या संस्थेत संशोधन करत होती आणि मी नववीत शाळा सोडलेली. उभं राहून वाच म्हटलं की माझा घसा बंद व्हायचा. एकदा अख्खा तास तशीच उभी होते, दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही. ताई मला घुमी म्हणायची. तिने तिथेही सांगून ठेवलेलं दिसतंय, कारण सगळे मला आल्याआल्याच घुमी म्हणाले.

नवीन कार्ड यायला वेळ आहे म्हणून ताईचंच कार्ड दिलंय. दाराला लावलं की बारक्या पडद्यावर तिचा फोटो येतो, खाली तिचं नाव, मग दार उघडतं. आत मी जाते, पण दाराला वाटतं ती आली.

मी पाठमोरी टाकी घासत होते तेव्हा सर आले. काही बोलले नाहीत म्हणून मी वळून बघितलं, तर तोंड कागदासारखं पांढरं. दाराची चौकट धरून उभे होते. मग म्हणाले, "तू होय." आणि निघून गेले. किती जीव असेल त्यांचा ताईवर.

७ मार्च

हळूहळू कळतंय. मासे बोटाएवढे, अंगावर पट्टे. टाकीचा अर्धा भाग काळा कागद लावून अंधारा केलेला, अर्धा उघडा. मासा अंधारातून उजेडात किती वेळाने येतो ते मोजायचं. लवकर आला तर धीट. सरांचं म्हणणं असं की आईबाप मासे निवांत, लाडात वाढवले तर त्यांची पिल्लं जन्मालाच धीट येतात. लाडातली पिल्लं दाराकडच्या टाक्यांत, साधी पिल्लं आत भिंतीकडे. ह्याच्यावर सरांचं जगभर नाव झालंय. हे मोजायचं काम ताईचं होतं.

मोजणारा माशांना दिसू नये म्हणून एक काळा पडदा आहे, त्याच्यामागे स्टूल. स्टुलाची गादी मधे दबलेली आहे. मी आज तिच्यावर बसून बघितलं. बसल्याबसल्या मानेवर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं झालं. पंप चालू असतो, त्याची हवा असेल. पण पंप समोरच्या बाजूला आहे.

मी खाण्याचा डबा घेऊन गेले की दाराकडचे मासे सगळे काचेला येऊन चिकटतात. आतले येत नाहीत, त्यांना माझी अजून सवय नाही. ते बघून ताईची आठवण आली. शेवटच्या दिवसांत ती जेवायला बसायची आणि घास तसाच हातात राहायचा. एकदा म्हणाली, "घुमे, ते धीट नाहीत गं. भुकेले आहेत. दार वाजलं की खाणं आलं असं वाटतं त्यांना. मी टाक्यांची अदलाबदल केली तर दाराकडे आलेले दुसरेच धीट झाले." मी हसले होते. ती नव्हती हसली. सरांना सांगितलं तर म्हणतात परत मोज, नीट मोज, अमुकअमुक तारखेला संशोधनाचा पेपर छापायला जायचाय, असं काहीतरी सांगत होती. ती परत मोजायलाच लवकर जायची. डिसेंबरात तशीच सकाळी लवकर गेली आणि संस्थेसमोरचा रस्ता ओलांडताना ट्रकखाली आली. ट्रकवाला म्हणाला, त्या बघतच नव्हत्या.

ह्यावर जास्त लिहायला नको.

१९ मार्च

आज शेठ आले होते. ते लहान मुलांची औषधं बनवतात. सरांच्या माशांवरून आता ते लाजऱ्या मुलांसाठी थेंब काढणार आहेत, म्हणजे मुलं धीट होतील. संस्थेच्या मागच्या मोकळ्या जागेवर त्यांच्या पैशातून नवी इमारत होणार, तिला त्यांच्या आईचं नाव देणार. सरांनी मला पुढे केलं आणि म्हणाले, ही आमची घुमी, पहिली बाटली हिलाच. सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं. माझा फोटो पण काढला.

संध्याकाळी टीव्हीवर सर होते. आई मशीन बंद करून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. मुलाखत घेणाऱ्या बाई सारखं सरांचे मासे, सरांचे मासे म्हणत होत्या. सर छान बोलतात, मधेमधे विनोद करतात. कार्यक्रम संपला, जाहिरात लागली तरी आई तिथेच. मग म्हणाली, एकदा तरी नाव घेतलं असतं तिचं.

मी दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्या दादाला विचारलं, ताईचं नाव कुठेच नाही का. (हे वीस तारखेचं आहे, पण इथेच लिहिते.) दादा ताईबरोबरच तिथे लागला होता, तो अजून शिकतोय, चष्मा कपाळावर ठेवतो आणि मग शोधत फिरतो. त्याने मला पेपर उघडून दाखवला. ताईचं नाव सगळ्यात पहिलं आहे. मला माहीतच नव्हतं. सरांचं शेवटी.

मी म्हटलं, मग सर तिच्यापेक्षा खाली कसे? तर तो म्हणाला, हे गाडीसारखं आहे. पुढे बसतो तो चालवतो, मागे बसतो त्याची गाडी. लोक विचारतात गाडी कुणाची, चालवतंय कोण ते कुणी विचारत नाही. एवढं बोलून त्याने पेपर बंद केला, ताईचं आठवलं असणार. मग कपाळावरचा चष्मा शोधायला लागला.

आईला सांगितलं की पहिलं नाव ताईचं आहे. तिने दोनदा विचारलं, सगळ्यात पहिलं? म्हटलं, सगळ्यात पहिलं.

२ एप्रिल

कुठल्यातरी लांबच्या देशातल्या लोकांनी आपल्यासारख्याच टाक्या मांडल्या, तसेच मासे घेतले, तसंच मोजलं. त्यांचे लाडातले मासे बाहेर येईनात. दादा सांगत होता, त्यांना हे दोन वर्षांपूर्वीच दिसलं होतं, म्हणजे आपला पेपर यायच्याही आधी, सर नुसतं व्याख्यानातून सांगत होते तेव्हा. पण त्यांचं कुणी छापेना. छापायच्या आधी ज्यांना विचारतात ते सगळे सरांचे मित्र नाहीतर सरांचे विद्यार्थी, नाहीतर सरांना घाबरणारे. ती लहान संस्था आहे, छप्पर गळतं म्हणे तिचं. आता कुठल्यातरी मोठ्या जागी तसंच झालं तेव्हा छापलं.

मी विचारलं, तू कुठल्यातला? घाबरणाऱ्यातला, म्हणाला. माझी पदवी सरांच्या सहीवर अडकलीय.

दुपारी सरांनी मला खोलीत बोलावलं. भिंतीवर सगळीकडे सर आहेत, कुणाकुणाशी हात मिळवताना. मला बसायला खुर्ची दिली. ताई घरी कामाबद्दल काही बोलायची का, असं विचारलं. टाक्यांबद्दल वगैरे काही? माझा घसा नेहमीसारखा आवळला. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. खरं तर आठवायलाच वेळ मिळाला नाही. सरांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, गुणी आहेस. त्यांचा हात गार होता.

पडद्यामागे आज कुणीतरी होतं. मी खाणं घालताना पडदा आतून फुगला, माणूस वळल्यावर फुगतो तसा. मी बघायला गेले नाही. म्हटलं असू दे, तिचं काम चालू असेल.

११ एप्रिल

शेठचे लोक येऊन मागच्या जागेवरचा नव्या इमारतीचा मोठा फलक काढून घेऊन गेले. खांब तेवढे राहिले.

१८ एप्रिल

आज काय झालं ते आधी लिहून काढते.

टीव्हीवर सरांनी ताईचं नाव घेतलं. एकदा नाही, सारखं. बातमीवाल्याने सरांचे मासे म्हटलं तर सरांनी त्याला थांबवून सांगितलं, माझे नाहीत हो, त्या मुलीचे. कल्पना तिची, मोजमाप तिचं, मी फक्त विश्वास ठेवला. असामान्य मुलगी होती आणि आज ती आपल्यात नाही. हे म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. ताईचा कार्डावरचा फोटो दाखवला, अख्ख्या पडद्यावर.

आई रडली. मग तोंड धुऊन आली आणि खालच्या काकूंना बोलावून सांगितलं, परत सांगितलं.

त्यानंतर तासाभरात सर स्वतः घरी. आमच्या घरी पहिल्यांदाच आले, ताई गेली तेव्हा पण आले नव्हते, परदेशात होते. आईने खुर्चीवरचे कापडाचे तुकडे घाईघाईने उचलले. सर म्हणाले, संस्थेत एक चौकशी आहे, नुसती पद्धत असते. एक मॅडम बाहेरून आल्यात. त्या घुमीलाही विचारतील, कारण दोघी बहिणी एकाच खोलीत राहायच्या. घाबरायचं नाही. जे खरं ते सांगायचं, की सगळं तिने एकटीने केलं. तिचं श्रेय तिला मिळायलाच पाहिजे.

आई म्हणाली, "एवढंच ऐकायचं होतं मला, सर."

सरांनी आमच्या घरचं पाणी पण घेतलं नाही, घाईत होते. जाताना म्हणाले, ताईच्या नावाने दरवर्षी एका हुशार मुलीला बक्षीस देऊ.

२५ एप्रिल

मी बोलले. मीच बोलले, दुसरं कुणी नाही.

आईने सकाळी माझे केस विंचरले, लहानपणी विंचरायची तसे, ओढून. वाटेभर सांगत होती, एकदाच धीर कर, ताईसाठी कर. मॅडम बसक्या आवाजाच्या आहेत, तुटक बोलतात, पण पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. एक माणूस बाजूला बसून सगळं टाइप करत होता.

मॅडमनी विचारलं, मोजायचं काम कोण करायचं? मी म्हटलं ताई. बरोबर कुणी असायचं? नाही. सर यायचे? मी म्हटलं सरांनी माशाला कधी हात पण लावला नसेल. टाइप करणारा गालात हसला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे सगळं तिने एकटीने केलं, असं तुझं म्हणणं आहे?"

आणि माझा घसा उघडा होता. कसा काय कुणास ठाऊक. मी मोठ्याने म्हटलं, "हो. सगळं तिने एकटीने केलं. पहिलं नाव तिचंच आहे."

मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. आणखी काही सांगायचंय का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. सही केली. बाहेर आले तर आईने मला जवळ घेतलं, चारचौघांत.

दादा जिन्यात भेटला. मी त्याला सगळं सांगितलं. शाबास म्हणेल असं वाटलं होतं. तो खाली बघून पायऱ्या उतरत राहिला.

नंतर माशांच्या खोलीत गेले. मला तिला सांगायचं होतं. पडदा बाजूला केला, स्टूल होतं. गादी दबलेली होती. तिथे काहीच नव्हतं, श्वास नाही काही नाही. एवढी रिकामी ती खोली कधीच वाटली नव्हती.

६ मे

मासे नेले सगळे. कुठे नेले विचारलं तर दोन पोरं म्हणाली संपवले, आता त्यांचा उपयोग नाही. टाक्या उलट्या घालून वाळत ठेवल्यात. मला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. सरांनी नाही, ऑफिसातून.

सर दिसतच नाहीत. दुसऱ्या विषयावर व्याख्यान द्यायला गेलेत असं ऐकलं. ते वर्तमानपत्रात आलंय, फसगत होऊनही खचले नाहीत असं काहीतरी, हसरा फोटो आहे.

९ मे

आईला पेपरचं पहिलं पान फ्रेम करून हवं होतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन इंटरनेटवरून काढलं. आता त्या पानावर आडवा तिरका एक मोठा लाल शब्द आलाय, मागे दादाने दाखवलं तेव्हा नव्हता. दुकानदाराने विचारलं काळं का रंगीत? मी म्हटलं रंगीत, लाल नीट आलं पाहिजे. मला वाटलं शिक्का आहे, गाजलेल्या पेपरला मारत असतील.

फ्रेम मशीनच्या वरच लावलीय. ताईचं नाव लाल शब्दाच्या वर आहे, त्याच्यावर लाल आलेलं नाही.

खालच्या काकू बघायला आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या, पण पिशवी सांभाळत निघून गेल्या. कपडे द्यायला येणारी एक बाई आईला म्हणाली, तुमच्याच मुलीचं ना ते, माशांचं खोटं? आईने तिच्या झग्याची उसवलेली शिवण हातात धरली आणि बराच वेळ धरूनच बसली.

१२ मे

कोट परत द्यायला गेले होते. दादा होता. मी त्याला विचारलं, तो लाल शब्द काय आहे?

त्याने सांगितलं. पेपर मागे घेतला असा त्याचा अर्थ. सगळ्या जगात तो पेपर आता जिथे उघडेल तिथे तो शब्द दिसणार. मोजमाप विश्वासाचं नव्हतं असा निकाल लागला. मोजमाप कुणाचं? तर एकटीचं. आणि त्याला पुरावा काय, तर माझा.

मी म्हटलं, पण सरांनीच सांगितलं होतं तिचं श्रेय तिला मिळावं म्हणून.

दादाने आज चष्मा डोळ्यावर घातला होता. म्हणाला, "गाडी ठोकली की पोलीस चालवणाऱ्याला धरतात, घुमे. मागचा उतरून दुसरी गाडी पकडतो."

मग मला आठवलं. म्हणजे आठवत होतंच, पण ते कशाचं आहे ते आत्ता कळलं. जेवताना ती काय म्हणाली होती ते. मी दादाला सांगितलं, ताई म्हणाली होती टाक्या बदलल्या की दुसरेच धीट होतात, सरांना पण सांगितलं होतं. त्याचा चेहरा बघून कळलं की हे त्याला माहीत होतं. ती सांगत होती तेव्हा तो तिथेच होता. मी म्हटलं मग तू सांग ना. तो म्हणाला, सहीला आता थोडेच दिवस राहिलेत. त्याचे डोळे भरले होते. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही, नुसती थंडी वाजली.

दारातून बाहेर पडताना कार्ड लावलं. पडद्यावर काहीच आलं नाही. शिपायाने आतून कळ दाबून उघडलं.

१३ मे

सकाळपासून आई झग्यांना टिपा मारत होती. मी फ्रेमसमोर उभी होते. सांगायचं होतं आणि सुरुवात होत नव्हती. शेवटी म्हटलं, आई, तो लाल शब्द चांगला नाहीये.

आईने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, "लाल अक्षरात कुणी कौतुक लिहीत नाही. कळलं होतं मला."

मग लावलंस कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, तिचं नाव मी लावलंय. त्याच्यावर त्यांनी काय लिहिलं ते त्यांचं.

मग मी उरलेलं सांगितलं. जेवणातलं. भुकेले आहेत ते. परत मोज, परत मोज. ती का लवकर जायची ते. मशीन कधी थांबलं मला कळलं नाही. आईने फक्त एक विचारलं, हे तिथे सांगितलंस? मी म्हटलं नाही. त्यांनी विचारलं होतं तिने एकटीने केलं का. आणि शेवटी आणखी काही सांगायचंय का विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं.

आईने मला काही बोलावं असं वाटत होतं. मारलं असतं तरी चाललं असतं. ती उठली, गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली, दार लावून घेतलं. चल, म्हणाली.

आता मॅडमच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितेय. शिपाई म्हणाला फाइल बंद झाली, मॅडमची आज परतीची गाडी आहे. आई म्हणाली, जायच्या आधी दारातून बाहेर येतीलच ना, आम्ही बसतो.

आतून हसण्याचा आवाज येतोय. त्यातला एक आवाज मॅडमचा नाही. तो आवाज मला माहितीय, टीव्हीवर ऐकलाय. आईनेही ओळखला. तिने माझा हात धरलाय, म्हणून अक्षर वेडंवाकडं येतंय. माझा घसा बंद आहे, पुरता बंद आहे. मी आईला खुणेने विचारलं, सर बाहेर आले तर? ती म्हणाली, येऊ दे, त्यांच्यादेखत सांग.

काय बोलायचं ते मी मनात जुळवतेय. पहिलं वाक्य असं ठरवलं, की ते मासे धीट नव्हते, भुकेले होते. आईच्या कानात हळूच म्हणून दाखवलं. आवाज आला, फाटका, पण आला.

आईने मान हलवली. म्हणाली, असं नाही. आधी तिचं नाव घे. मग तिने काय सांगितलं होतं ते सांग.

खुर्च्या सरकल्या. उठलेत.